शास्त्रज्ञाच्या पायऱ्या आणि आपल्या शेतातले बेणे

— ऊस विकास अधिकारी



या पानावर एरवी लागणीच्या तारखा, बेणेप्रक्रिया, खताचे हप्ते, खोडव्याची निगा असा मजकूर असतो. या अंकात जरा वेगळा विषय घेतला आहे. सरकारी शेती शास्त्रज्ञाला पगार किती मिळतो, तो कोणकोणत्या पायऱ्या चढतो आणि त्या पायऱ्यांचा आपल्या उसाशी व भाताशी संबंध काय, हा तो विषय. "त्यांच्या पगाराशी आपल्याला काय करायचंय? आपल्या बिलाचं बोला," असे कुणी म्हणेल. म्हणणे रास्त आहे. परंतु आपण ज्या बेण्यावर आणि बियाण्यावर जगतो, ते कुणीतरी नोकरीत राहून, उन्हापावसात उभे राहून तयार केलेले असते. तो माणूस त्या जागी टिकतो की नाही, हे त्याच्या पगारावर आणि बढतीवर बरेच अवलंबून असते. म्हणून हा विषय आपल्या घरचाच आहे.

मावळातली दोन केंद्रे

लांब जायला नको. आपल्या तालुक्यातच राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची दोन संशोधन केंद्रे आहेत, एक वडगाव मावळला आणि दुसरे लोणावळ्याला. दोन्ही मुख्यतः भाताची. लोणावळ्याला घाटमाथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. त्या ओलीत आणि धुक्यात करपा रोग चांगला पोसतो. म्हणून कोणते वाण करप्याला टिकते आणि कोणते झोपते, याची परीक्षा तिथे कडक होते. वडगावला पाऊस त्या मानाने कमी, जमीन खाचराची, म्हणजे आपल्या बहुतेक भातकऱ्यांसारखी.

आज मावळचा भात म्हटले की इंद्रायणीचे नाव पुढे येते. हे वाण वडगावच्या केंद्रातून १९८७ साली बाहेर पडले. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून ते आले. आंबेमोहोर वासाला उत्तम, पण उंच वाढून लोळणारा आणि उत्पन्नाला बेताचा. आयआर ८ फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ साली दिलेले. ते बुटके आणि उत्पन्नाला भारी, पण वासाचे नाव नाही. दोघांचे गुण एका दाण्यात आणणे हे एका हंगामाचे काम नव्हे. संकर झाल्यावर पीक एकसारखे यायला सहा-सात पिढ्या जातात. आपल्याकडे पावसाळी भाताचे पीक वर्षाला एक, म्हणजे सहा-सात वर्षे झालीच. त्यानंतर ठिकठिकाणच्या चाचण्या, शेतकऱ्यांच्या खाचरातले प्रयोग आणि मग शिफारस.

बाजारात इंद्रायणीला गिऱ्हाईक आहे आणि चार पैसे सुटतात, हे आपण जाणतो. मात्र तो भात ज्यांनी वर्षानुवर्षे ओंब्या निवडून तयार केला, ते कोणत्या हुद्द्यावर होते आणि त्यांना काय मिळत होते, याचा विचार आपण सहसा करत नाही.

कोण कुणाचा माणूस?

पायऱ्या समजून घेण्याआधी एक घोळ मिटवू. शेतावर पँट-शर्टातला कुणी आला की आपण त्याला सरसकट "शेतकी साहेब" म्हणतो. खरे पाहता चार वेगवेगळे लोक आपल्याकडे येतात.

पहिला, राज्याच्या कृषी खात्याचा. त्याचे काम योजना राबवणे, पंचनामे, अनुदान आणि सल्ला. त्याची शिडी गावपातळीवरून मंडळ कृषी अधिकारी, तालुका कृषी अधिकारी, उपविभागीय कृषी अधिकारी, जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी अशी वर सहसंचालक व संचालकांपर्यंत जाते.

दुसरा, कृषी विद्यापीठाचा. वडगाव, लोणावळा आणि उसासाठी पाडेगाव ही केंद्रे याच्यात येतात. वर्गात तो सहाय्यक प्राध्यापक असतो, केंद्रावर पैदासकार, रोगशास्त्रज्ञ किंवा विशेषज्ञ असतो. पायरी मात्र एकच.

तिसरा, दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा, म्हणजे केंद्राचा. शेजारच्या खेड तालुक्यात राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधनाची संस्था आहे, मांजरीला द्राक्षाची, बारामतीजवळ माळेगावला दुष्काळ-क्षारासारख्या ताणांवर काम करणारी. तिथले शास्त्रज्ञ या सेवेतले.

चौथा, मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचा. ही संस्था १९७५ साली ऊस उत्पादकांच्या आणि सहकारी कारखान्यांच्या पुढाकाराने निघाली. ती सरकारी नाही. तिचा कारभार आणि वेतन वेगळे.

आजचा लेख दुसऱ्या आणि तिसऱ्या माणसाविषयी आहे. आणि ऊस विकास विभागातले आम्ही डिप्लोमावाले या चौघांतही बसत नाही. तेव्हा लेखकाचा यात स्वतःचा काही लाभ असेल, ही शंका कुणी मनात आणू नये.

पूर्वी पगार खुर्चीला असे

१९६८ पूर्वी महाराष्ट्रात शेतीचे संशोधन, शिक्षण आणि विस्तार ही तिन्ही कामे मुख्यतः शेतकी खात्याकडे होती. १९६८ साली राज्यातले पहिले कृषी विद्यापीठ राहुरीला निघाले, १९६९ साली अकोल्याचे, १९७२ साली परभणी आणि दापोलीचे. पुढे संशोधन केंद्रे विद्यापीठांकडे गेली.

त्या काळची पगाराची रीत साधी होती. पगार माणसाला नव्हे, खुर्चीला. केंद्रावर एक मोठी खुर्ची असायची, तिच्याखाली दोन-तीन मधल्या आणि बाकी लहान. लहान खुर्चीवरच्याने कितीही उत्तम काम केले, तरी वरची खुर्ची रिकामी होईपर्यंत त्याला वाट पाहावी लागे. रिकामी झाली की तिच्यावर दहाजणांचा डोळा. कुणी निवृत्त झाला तर किंवा दुसऱ्या गावची जागा सुटली तरच पुढे सरकायचे. त्यामुळे भाताचा माणूस ज्वारीवर आणि ज्वारीचा माणूस कार्यालयात, असे प्रकार होत. बढती हवी तर पीक सोडा, अशी गत.

दिल्लीच्या परिषदेतही तीच रीत होती. ही परिषद १९२९ साली स्थापन झाली, परंतु १९६५ पर्यंत तिच्या शिरोभागी प्रशासकीय अधिकारी असत. १९६५ साली डॉ. बी. पी. पाल हे गव्हाचे शास्त्रज्ञ पहिले महासंचालक झाले. डोक्यावर शास्त्रज्ञ आला, तरी खालच्या खुर्च्यांचा हिशेब तसाच राहिला.

मे १९७२ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतले कृषिविद्या शास्त्रज्ञ डॉ. विनोद शहा यांनी आत्महत्या केली. मागे ठेवलेल्या पत्रात त्यांनी नेमणुका आणि निवडी यांतल्या अन्यायाविषयी लिहिले होते. हरितक्रांतीचे ढोल वाजत असताना ही बातमी आली आणि संसदेपर्यंत खळबळ उडाली. सरकारने चौकशी समिती नेमली. तिचे अध्यक्ष आपल्या महाराष्ट्राचे, साताऱ्यात जन्मलेले, देशाचे माजी सरन्यायाधीश न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर. समितीने परिषदेतल्या भरतीची आणि बढतीची सगळी पद्धत तपासली.

१९७५ चा बदल

त्यानंतर गोष्टी भराभर हलल्या. नोव्हेंबर १९७३ मध्ये निवडीसाठी स्वतंत्र कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळ आले. डिसेंबर १९७३ मध्ये केंद्रात कृषी संशोधन व शिक्षण हा वेगळा विभाग झाला. आणि १ ऑक्टोबर १९७५ पासून कृषी संशोधन सेवा सुरू झाली. त्या वेळी परिषदेची सूत्रे डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्याकडे होती.

या सेवेत चार पायऱ्या ठरल्या. दरमहा मूळ पगार असा होता:

एस : रुपये ५५० ते ९००
एस-१ : रुपये ७०० ते १,३००
एस-२ : रुपये १,१०० ते १,६००
एस-३ : रुपये १,५०० ते २,०००

आकड्यांपेक्षा महत्त्वाची होती ती अट. दर पाच वर्षांनी शास्त्रज्ञाच्या कामाची तपासणी व्हायची. काम चांगले ठरले तर वरची पायरी किंवा जादा वेतनवाढी मिळायच्या, आणि त्यासाठी वरची खुर्ची रिकामी असण्याची गरज नव्हती. माणूस त्याच केंद्रावर, त्याच पिकात, त्याच वहीवर काम करत राहील आणि पायरी त्याच्याकडे चालत येईल, असा तो विचार. थोडक्यात, पगार खुर्चीवरून उठला आणि माणसाला चिकटला. शेतीच्या संशोधनाला याची किती गरज होती, हे आपल्यासारख्या बारमाही पिकाच्या लोकांना सांगायला नको.

१ जानेवारी १९८६ पासून परिषदेने विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वेतनश्रेणी स्वीकारल्या. 'एस' ची अक्षरे गेली आणि शास्त्रज्ञ, वरिष्ठ शास्त्रज्ञ, प्रधान शास्त्रज्ञ ही नावे आली. नव्या शास्त्रज्ञाची श्रेणी २,२०० ते ४,००० आणि प्रधान शास्त्रज्ञाची ४,५०० ते ७,३०० रुपये झाली. कृषी विद्यापीठांत याच तोलाचे सहाय्यक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक.

सातव्या वेतन आयोगातल्या पायऱ्या

१ जानेवारी २०१६ पासूनच्या सातव्या वेतन आयोगाच्या रचनेत या नोकरीत पाच स्तर आहेत. प्रत्येक स्तराचा सुरुवातीचा मूळ पगार असा:

स्तर १० : रुपये ५७,७००. नवा शास्त्रज्ञ किंवा सहाय्यक प्राध्यापक.
स्तर ११ : रुपये ६८,९००. तेच पद, वरिष्ठ श्रेणी.
स्तर १२ : रुपये ७९,८००. तेच पद, त्याहून वरची श्रेणी.
स्तर १३-अ : रुपये १,३१,४००. वरिष्ठ शास्त्रज्ञ किंवा सहयोगी प्राध्यापक.
स्तर १४ : रुपये १,४४,२००. प्रधान शास्त्रज्ञ किंवा प्राध्यापक.

यावर महागाई भत्ता, घरभाडे भत्ता आणि प्रवासाचा भत्ता वेगळा. दर वर्षी साधारण तीन टक्के वाढ मिळते. म्हणजे ५७,७०० वर लागलेला माणूस वर्षाने ५९,४०० वर जातो. निवृत्तिवेतनाचे मात्र पूर्वीसारखे राहिले नाही. केंद्रात १ जानेवारी २००४ नंतर आणि राज्यात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन योजना राहिली नाही, अंशदायी योजना आली. आपल्या मुलांना सरकारी नोकरी सुचवताना वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जुनीच पेन्शन असते, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आता एका स्तरावरून दुसऱ्यावर जायला किती वर्षे लागतात ते पाहा. पीएच.डी. असेल तर १० वरून ११ ला चार वर्षे, नुसती पदव्युत्तर पदवी असेल तर सहा. ११ वरून १२ ला पाच वर्षे. १२ वरून १३-अ ला तीन, आणि तिथून १४ ला आणखी तीन. नुसती वर्षे भरून भागत नाही. कामाचा अहवाल, प्रशिक्षण, प्रसिद्ध झालेले संशोधन आणि मुलाखत, या सगळ्यांतून पार व्हावे लागते. सगळे वेळेवर झाले तर चार अधिक पाच अधिक तीन अधिक तीन, म्हणजे पंधरा वर्षांत माणूस शिडीच्या टोकाला पोचतो. ५७,७०० चे १,४४,२०० होतात, म्हणजे अडीच पट.

उसाची जात आणि पंधरा वर्षे

हाच पंधरा वर्षांचा आकडा उसाच्या बाबतीत पुन्हा भेटतो, आणि या लेखाचा खरा मुद्दा तिथे आहे.

उसाला चांगला फुलोरा येऊन त्यात जिवंत बी धरण्यासाठी हवा मानवावी लागते. कोइमतूरला ती मानवते. तिथली ऊस पैदास संस्था १९१२ पासूनची. संकर तिथे होतात आणि ते बी पाडेगावसारख्या केंद्रांकडे येते. पाडेगावचे केंद्र १९३२ पासून फलटण तालुक्यात नीरेच्या खोऱ्यात उभे आहे. बारीक लवेसारख्या त्या बियांतून रोपे करायची, हजारो रोपांतून काही निवडायची, त्यांची टिपरी लावायची, पुन्हा निवडायची. मग सुरू, पूर्वहंगामी, आडसाली आणि खोडवा अशा सगळ्या हंगामांत वजन, साखरेचा उतारा, काणी, गवताळ वाढ, लोळणे, तुरा हे सारे तपासायचे. नंतर इतर केंद्रांवर आणि कारखान्यांच्या क्षेत्रात चाचण्या. बारा ते पंधरा वर्षे सहज जातात.

आपल्या तोंडात बसलेले को ८६०३२ हे नावच घ्या. 'को' म्हणजे कोइमतूर आणि पुढचे ८६ म्हणजे १९८६ साल, त्या साली त्या उसाला क्रमांक मिळाला. महाराष्ट्रात 'नीरा' या नावाने त्याची शिफारस झाली १९९६ साली. क्रमांक मिळाल्यावर दहा वर्षे गेली, आणि क्रमांक मिळण्याआधीची संकराची व निवडीची वर्षे वेगळीच. त्याच्याआधी को ७४० होता, १९५६ साली आलेला. त्याने पंचवीस-तीस वर्षे महाराष्ट्राचे गाळप पेलले आणि शेवटी काणीने बेजार झाला. फुले २६५ आला २००७ साली. म्हणजे एक जात थकण्याआधी दुसरी तयार ठेवायची असेल, तर आज कुणीतरी पुढच्या पंधरा वर्षांचे काम हातात घेतलेले असले पाहिजे.

आता दोन्ही हिशेब शेजारी ठेवा. नवा शास्त्रज्ञ स्तर १० वर लागला त्या वर्षी त्याने निवडलेले रोप, आणि तो स्तर १४ वर पोचेल त्या सुमारास शेतकऱ्याच्या शेतात जाणारी जात, या दोन्हींचा काळ जवळजवळ सारखाच आहे. एक शास्त्रज्ञ आणि एक ऊस जात सारख्याच मुदतीत पिकतात. माणूस त्या पिकात टिकला, तर जात टिकते. माणूस मध्येच गेला, तर वही दुसऱ्याच्या हातात जाते. वहीत आकडे असतात, पण "हा ऊस तिसऱ्या खोडव्याला असा का दिसतो" हे डोळ्यांत असते, ते वहीत उतरत नाही.

हिशेब कुठे बिघडतो

मग कागदावर इतकी चांगली शिडी असताना अडचण काय? चार गोष्टी सांगाव्या लागतील.

पहिली, रिकाम्या जागा. राज्याच्या चारही कृषी विद्यापीठांत मोठ्या प्रमाणावर पदे रिकामी राहत आली आहेत, हे जगजाहीर आहे. पायरी माणसाला चिकटली खरी, पण माणूसच नेमला नाही तर ती चिकटणार कुणाला? एक जण दोन-तीन जागांचा कार्यभार सांभाळतो. उसाच्या निवडीतले वाण दर वर्षी नव्याने लावून जिवंत ठेवावे लागते. भाताची पिढी दर पावसाळ्यात पेरावी लागते. एखादे साल चुकले तर पुढच्या साली तिथून पुढे जाता येतेच असे नाही, कधी मागे यावे लागते. ऊस लागणीची तारीख हुकली तर उतारा घटतो, हे आपण अनुभवतो. तसेच हे.

दुसरी, वयाचे आणि पैशाचे गणित. केंद्र सरकारच्या वर्ग एकच्या अधिकाऱ्याचा सुरुवातीचा मूळ पगार सातव्या आयोगात ५६,१०० रुपये ठरला. त्या परीक्षेला साधी पदवी चालते. शास्त्रज्ञाचा ५७,७००. फरक सोळाशे रुपयांचा. या सोळाशे रुपयांसाठी चार वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षे एम.एस्सी. आणि किमान तीन वर्षे पीएच.डी. करायची. हुशार मुलगा किंवा मुलगी हे गणित मांडते आणि स्पर्धा परीक्षेकडे किंवा बँकेकडे वळते. त्यांना दोष देता येत नाही. शेतकऱ्याच्या घरात पाच वर्षे बिनपगारी काढणे सोपे नसते.

तिसरी, घरभाडे भत्त्याची. हा भत्ता गावाच्या वर्गाप्रमाणे मिळतो. मोठ्या शहरात जास्त, लहान गावात कमी. शहरात घर महाग, म्हणून तसे आहे, हे मान्य. पण परिणाम असा होतो की पुण्यात बसणाऱ्याच्या हातात जास्त पडते आणि आडगावच्या केंद्रावर चिखलात उभ्या राहणाऱ्याच्या हातात कमी. मुलांच्या शाळा, दवाखाना हेही शहरातच. मग बदलीचा अर्ज कुठल्या दिशेने जाणार, हे वेगळे सांगायला नको.

चौथी, खालच्या माणसांची. वर सांगितलेली शिडी सहाय्यक प्राध्यापक आणि त्यावरच्यांची आहे. केंद्रावर वरिष्ठ संशोधन सहायक, कनिष्ठ संशोधन सहायक, कृषी सहायक आणि मजूर असतात. पहाटे ब्रिक्स घेणारे, ओंब्यांना पिशव्या बांधणारे, वजनाच्या नोंदी ठेवणारे हात यांचेच. त्यांची बढती मुख्यतः वरची जागा सुटण्यावरच अवलंबून राहिली. म्हणजे १९७५ पूर्वीची खुर्चीची रीत त्यांच्यापुरती पूर्णपणे संपलेली नाही.

याशिवाय एक बारीक गोष्ट. तपासणीच्या वेळी किती लेख छापून आले हे मोजायला सोपे असते. माणूस किती दिवस प्लॉटमध्ये उभा होता हे मोजायला अवघड. जे मोजता येते त्याचे वजन वाढत जाते. शास्त्रज्ञाने लेख लिहू नयेत असे कुणी म्हणणार नाही. परंतु शेतकऱ्याच्या शेतात टिकलेले एक वाण किती लेखांच्या बरोबरीचे धरायचे, हा प्रश्न उत्पादकांनीच विचारायला हवा. कारण त्याचे उत्तर आपल्या टनेजमध्ये दिसते.

मुलामुलींना या वाटेने जायचे असेल तर

सभासदांच्या घरची बरीच मुले-मुली बी.एस्सी. कृषीला आहेत. त्यांच्यासाठी वाट थोडक्यात अशी. बारावी विज्ञान, राज्याची प्रवेश परीक्षा, चार वर्षांची पदवी. पुढे पदव्युत्तर प्रवेशासाठी पुन्हा परीक्षा. एम.एस्सी. ला विषय निवडताना विचार करावा. वनस्पती पैदास, रोगशास्त्र, कीटकशास्त्र, मृदाशास्त्र, कृषिविद्या यांचा ऊस-भाताशी थेट संबंध येतो. त्यानंतर नेट परीक्षा. ती कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळ घेते. मग पीएच.डी. कृषी संशोधन सेवेची परीक्षाही हेच मंडळ घेते, ती अखिल भारतीय आहे, नेमणूक देशात कुठेही होऊ शकते. विद्यापीठाच्या जागा राज्यातल्या राज्यात निघतात. पात्रता आणि वयाच्या अटी प्रत्येक जाहिरातीत नीट वाचाव्यात, ऐकीव माहितीवर राहू नये.

पीएच.डी. आधी पूर्ण केली तर पहिली पायरी सहाऐवजी चार वर्षांत चढता येते. ही दोन वर्षे पुढच्या प्रत्येक पायरीला आणि निवृत्तीपर्यंतच्या पगाराला लागू राहतात. तेव्हा "नोकरी लागू दे, पीएच.डी. मागाहून बघू" असे ठरवण्याआधी हा हिशेब घरात बसून मांडावा.

आणि घरच्यांनी एवढे करावे: पोरगी किंवा पोरगा सव्विसाव्या वर्षी अजून शिकतोय म्हणून पाहुण्यांत त्याला खाली बघायला लावू नये. आडसाली ऊस सतरा-अठरा महिने शेतात उभा ठेवताना आपण त्याला आळशी म्हणत नाही.

आपण सभासदांनी काय करावे

एक, बेणे घेताना साखळी पाळावी. मूलभूत बेणे संशोधन केंद्राकडून येते, त्यापासून पायाभूत आणि पायाभूतपासून प्रमाणित. केंद्रावर माणसे कमी पडली की या साखळीची पहिलीच कडी आखडते आणि त्याचा फटका आपल्या बेणेमळ्याला बसतो. मिळालेले बेणे तीन-चार वर्षांनी बदलावे, एकच जुने बेणे वर्षानुवर्षे फिरवू नये.

दोन, कारखान्याच्या क्षेत्रात चाचणीचा प्लॉट दिला असेल तर त्याची नोंद प्रामाणिकपणे ठेवावी. पाण्याच्या पाळ्या, खत, तुटीची तारीख, वजन हे सारे लिहून ठेवावे. शास्त्रज्ञाच्या वहीतला एक रकाना आपल्या शेतात भरला जातो. चुकीचा आकडा सांगितला तर चुकीची जात आपल्याच गळ्यात पडते.

तीन, वार्षिक सर्वसाधारण सभेत आपण रस्ता, वजनकाटा, तोडणीचे वेळापत्रक यांवर बोलतो. त्याबरोबर संशोधन केंद्रांतली रिकामी पदे भरावीत आणि एका पिकात काम करणाऱ्याला त्याच पिकात राहून बढती मिळावी, असा ठराव करून शासनाकडे पाठवता येईल. भात उत्पादक सभासदांनी वडगाव-लोणावळ्यासाठी आणि ऊस उत्पादकांनी पाडेगावसाठी हाच आग्रह धरावा. आमदार-खासदार गावात येतात तेव्हा रस्त्याच्या मागणीपाठोपाठ ही मागणीही कानावर घालावी.

चार, ही केंद्रे पाहायला जावे. आपण कोल्हापूर-सांगलीच्या सहली काढतो, मग वडगावचा भात आपल्याच दारात आहे. ओंब्या भरल्यावर, कापणीआधी, आगाऊ कळवून गटाने जावे, प्रश्न विचारावेत. तिथल्या माणसाला पगार सरकार देते, परंतु आपण काम बघायला आलो यानेही त्याला हुरूप येतो.

शेवटी एवढेच. १९७५ साली देशाने ठरवले की शेतीच्या शास्त्रज्ञाने बढतीसाठी खुर्ची शोधत फिरू नये, पिकाजवळ राहावे. तो विचार बरोबर होता. त्याचे फळ पूर्ण मिळायचे असेल, तर प्रत्येक पिकाजवळ नेमलेला माणूस हवा आणि तो पंधरा वर्षे तिथे राहील इतकी त्याची सोय हवी. आपल्या नातवंडांच्या वेळचा ऊस कोणता असेल, हे आज कोणत्या केंद्रावर कोण उभा आहे यावर ठरणार आहे.

या हंगामाच्या बेण्याची मागणी गट कार्यालयात वेळेत नोंदवावी, ही सर्वांना विनंती.

जय सहकार!